परिचय, एका पानात

राजधानीतून पत्र आलंय. प्रदर्शनासाठी परिचय हवा:
एक पान, तृतीय पुरुषी,
शिक्षण, पुरस्कार, कारकिर्दीचे टप्पे.

तर, सुन्नुवा. जन्म स्कारवीकचा,
फेरो बेटांच्या उत्तर टोकाला,
सतरा घरं, एक धक्का.
शिक्षण: बोटींच्या कुशीवरची अक्षरं.
पंधराव्या वर्षी, पालथ्या बादलीवर उभी राहून
मी नावेवर नाव रंगवायचे.
(तृतीय पुरुष इथेच सुटला. सुटू दे.)
पांढरा रंग गारठ्यात दह्यासारखा घट्ट व्हायचा,
डबा कोटाच्या आत, पोटाशी धरून तो सैल करायचा.
एका नावाचे वीस मासे, खारवलेले.

उरल्यासुरल्या रंगात समोरचा कडा काढला.
मिक्यालमामा जेवता जेवता बघत राहिला.
म्हणाला, छान आहे,
पण ह्याच्यावर विसंबून गेलो तर जाळं खडकात जाईल.
चर्चचं टोक कड्याच्या खाचेत आलं
की खाली कॉड असतो.
तुझं टोक बोटभर डावीकडे सरकलंय.

मग कोपनहेगन, अकादमी, चार वर्षं.
दूरचं निळं ठेवा, जवळचं उबदार, असं शिकवलं.
आमच्याकडे दूरचं दिसतच नाही,
धुकं येतं आणि जवळचंही घेऊन जातं.
बोटभर डावीकडे, असं मात्र
तिथे कुणीच बोललं नाही.

पुढची वीस वर्षं निसर्गचित्रं.
बँकेच्या भिंती, दातांच्या डॉक्टरची बाहेरची खोली.
छपरांवरचं गवत आहे त्याहून हिरवं केलं
की चित्र आठवड्यात खपायचं.
केलं. हे लिहायचं का?

मग तो मार्च.
चाल्दुर बुडाली, लाल चोचीच्या पक्ष्याचं नाव असलेली,
सहा जणांसकट, त्यांत मामाचा धाकटा.
किनाऱ्याला लागली एक फळी,
तिच्यावर शेवटची तीन अक्षरं, माझ्या हातची,
एकाही अक्षराला ओघळ नाही.
नाव बुडाली, नाव तरलं.

गाव म्हणालं, दगड कर.
म्हटलं, मला दगड येत नाही.
मामा म्हणाला, नाव तू घातलंस,
आता राहिलेलंही तूच कर.

बेसाल्टवर घाव घातला की छिन्नीच उडते.
पहिल्या हिवाळ्यात चार छिन्न्या गेल्या
आणि पुढचा एक दात.
एल्सपा येऊन बसायची, तिची दोन मुलं होती बोटीवर.
तिला दिसत नाही. अर्धवट कडा बोटांनी चाचपून म्हणाली,
इथे इतकं सरळसोट नाहीये, इथून मेंढी उतरते.
मी घाबरतच उतार काढला.
दुसऱ्या दिवशी वर चढून पाहिलं:
मेंढीची वाट होती. वीस वर्षं रंगवत आले होते तो कडा.

दगडावर नावं कोरली नाहीत.
लोक रागावले. पुढे नगरपालिकेने पितळी पाटी ठोकली,
तीही बरोबर आहे.
मी वर एक खाच ठेवली.
हनुवटी टेकवून तिच्यातून पाहिलं
की दिसतं नुसतं पाणी,
पण तेच पाणी.

मामाने हनुवटी टेकवली.
धक्क्यावरची बोट भरून निघून गेली, तरी तो तसाच.
मग म्हणाला, बरोबर आहे.

पुरस्कारांच्या रकान्यात काय लिहावं ते ठरत नाही.
त्यानंतर अकरा दगड केले, दोन नॉर्वेत आहेत.
चित्रं अजून काढते. हिरवा बेताने.

त्या पहिल्या दगडाची उत्तरेकडची बाजू
मी खडबडीत सोडली होती, पैसे संपले म्हणून.
ती आता तुळतुळीत आहे.
मेंढ्या येऊन पाठ घासतात.
खाचेत लोकर अडकते,
रविवारी जाऊन मी ती बोटाने काढते.